'वण्ण' : एका शब्दाचा इतिहास

भोजनदानानंतर पुण्यानुमोदन करताना भिक्खू उपासकांना चार गोष्टींच्या वृद्धीचा आशीर्वाद देतात : आयु, वण्ण, सुख आणि बल. यांपैकी आयु, सुख आणि बल हे शब्द मराठी माणसाला विवरणाशिवाय कळतात. दुसऱ्या शब्दापाशी मात्र तो अडखळतो. वण्ण म्हणजे वर्ण आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्य, हे समीकरण आपल्या मनात दृढ झालेले आहे, आणि त्याला तशीच कारणेही आहेत. ज्या व्यवस्थेचा त्याग करून आपण धम्माच्या मार्गावर आलो, तिचेच नाव आशीर्वादात कसे, असा प्रश्न उपासकांच्या मनात उभा राहिला तर तो रास्तच मानला पाहिजे. येथे वण्ण म्हणजे कांती, तेज, असे एका वाक्यात उत्तर देता येईल. परंतु तेवढ्याने समाधान होणार नाही. रंग, कांती, स्तुती आणि समाजातील स्थान या चारही गोष्टींना एकच शब्द का लावला गेला, त्याचा लाभ कोणी घेतला, आणि तथागतांनी त्या शब्दाचे काय केले, हे पाहिल्यावाचून प्रश्नाचा उलगडा होत नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. वर्ण, वण्ण आणि वाण

संस्कृत 'वर्ण' हा शब्द यास्काने निरुक्तात 'वृ' या धातूपासून साधला आहे. 'वृ' धातूचे दोन अर्थ प्रसिद्ध आहेत : झाकणे आणि निवडणे. वस्तूला बाहेरून झाकणारा तो वर्ण, असे मानल्यास रंग हा अर्थ सहज निष्पन्न होतो. निवडणे हा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे प्रयोजन आहे.

पालीत वर्णचे वण्ण झाले आणि मराठीत त्याचे वाण झाले. मराठीने या शब्दाचे जुने अर्थ किती जपून ठेवले आहेत हे पाहण्यासारखे आहे. शेतकरी ज्वारीचा वाण, कपाशीचा वाण असे म्हणतो, तेव्हा त्याला प्रकार हा अर्थ अभिप्रेत असतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. तीत वाण म्हणजे अंगाचा रंग. जुन्या मराठीतील 'वानणे' या क्रियापदाचा अर्थ स्तुती करणे असा होतो, आणि त्याचे मूळही वर्ण या शब्दातच आहे. वर्णमाला म्हणताना अक्षर हा अर्थ येतो. सुवर्ण म्हणजे चांगल्या रंगाचे; त्याचे पालीत सुवण्ण व सोण्ण झाले आणि मराठीत सोने. गोठ्यापासून सराफाच्या दुकानापर्यंत हा एकच शब्द वेगवेगळ्या रूपांत वावरतो. यांपैकी कोणत्याही ठिकाणी उच्चनीचतेचा वास नाही. गोठ्यातल्या ढवळ्याला आपल्या वाणाचा अभिमान नसतो.

२. अट्ठकथेतील सात अर्थ

पालीत या शब्दाला किती अर्थ होते याचे पद्धतशीर विवेचन इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी केले. दीघनिकायाची अट्ठकथा 'सुमंगलविलासिनी' ही त्यांनी अनुराधपुरच्या महाविहारातील परंपरेच्या आधारे सिद्ध केली. दीघनिकायातील पहिले सुत्त ब्रह्मजाल. त्याच्या प्रारंभी राजगह व नालंदा यांच्या दरम्यानच्या मार्गावर सुप्पिय परिव्राजक बुद्ध, धम्म व संघ यांचा 'अवण्ण' बोलत आहे आणि त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त 'वण्ण' बोलत आहे, असा प्रसंग येतो. येथे अवण्ण म्हणजे निंदा व वण्ण म्हणजे स्तुती. या स्थळी बुद्धघोष थांबतात आणि वण्ण या शब्दाचे सात अर्थ उदाहरणांसह नोंदवितात.

पहिला अर्थ आकार. माराने भगवंतांना भिवविण्यासाठी प्रचंड नागराजाचा वण्ण धारण केला, तेथे हा अर्थ आहे. दुसरा अर्थ जाति, म्हणजे जन्म वा कुल. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वण्ण होय, या ब्राह्मणांच्या दाव्यात हा अर्थ येतो. तिसरा अर्थ रूपायतन, म्हणजे डोळ्यांना जे दिसते ते. चौथा अर्थ कारण. संयुत्तनिकायात वनातील एक भिक्खू कमळाचा सुगंध घेत असता देवता त्याला गंधचोर म्हणते, आणि तो विचारतो की कोणत्या 'वण्णाने' मला चोर म्हटले जाते; तेथे कोणत्या कारणाने असा अर्थ घ्यावा लागतो. पाचवा अर्थ प्रमाण. विनयात भिक्षापात्राचे तीन वण्ण सांगितले आहेत, म्हणजे मोठे, मध्यम व लहान अशी तीन मापे. सहावा अर्थ गुण. उपालि गृहपती भगवंतांचे गुण एकामागून एक सांगू लागतो, तेव्हा निगंठ नातपुत्त त्याला विचारतात की श्रमण गोतमाचे हे 'वण्ण' तू केव्हा गुंफलेस. सातवा अर्थ प्रशंसा. इतरत्र हीच यादी किंचित फरकाने येते. तेथे त्वचेची कांती हा अर्थ स्वतंत्रपणे दिला आहे आणि जातीच्या जागी 'कुलवग्ग', म्हणजे कुलांचे वर्ग, असा शब्द वापरला आहे.

या यादीतून आम्हाला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. अट्ठकथाकारांच्या दृष्टीने सामाजिक वर्ग हा या शब्दाच्या सात अर्थांपैकी केवळ एक आहे. तो शब्दाचा मूळ अर्थ नाही, मुख्य अर्थही नाही. आणि त्याचे उदाहरण देताना त्यांनी ब्राह्मणांच्या तोंडचा दावा निवडला आहे. भगवंतांनी मांडलेला सिद्धांत म्हणून तो दिलेला नाही.

३. शुक्ल आणि कृष्ण

हा दावा नेमका काय होता? मज्झिमनिकायातील अस्सलायन व मधुर सुत्तांत आणि दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात तो जवळजवळ एकाच शब्दांत येतो. ब्राह्मण श्रेष्ठ व इतर हीन. ब्राह्मण शुक्ल व इतर कृष्ण. ब्राह्मणच शुद्ध होतात, अब्राह्मण होत नाहीत. ब्राह्मण हे ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले त्याचे औरस पुत्र. पांढरा व काळा हे दोन रंग येथे प्रथम भेटतात. वण्ण या शब्दाचे रंग व कुल हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून टाकण्याचा हा प्रयत्न आहे. कुलाला रंग चिकटविला की ते डोळ्यांना दिसणारे, निसर्गाने दिलेले सत्य वाटू लागते.

ब्राह्मणी परंपरेतही या मिश्रणाविषयी शंका घेतली गेली होती. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला ब्राह्मण पांढरे, क्षत्रिय तांबडे, वैश्य पिवळे व शूद्र काळे असे सांगतो. तेव्हा भरद्वाज विचारतो की रंगानेच वर्ण ठरत असेल तर सर्वच वर्णांत रंगांची सरमिसळ कशी दिसते. प्रश्न बिनतोड होता. त्या प्रश्नामुळे व्यवस्थेत काही फरक पडला नाही, ही गोष्ट वेगळी.

तथागतांनी हे मिश्रण अनेक अंगांनी उलगडले. चंपानगरीत गग्गरा पुष्करिणीच्या काठी सोणदंड ब्राह्मणाशी झालेला संवाद या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ब्राह्मण कोणत्या गुणांनी होतो असे विचारल्यावर सोणदंड पाच गोष्टी सांगतो : दोन्ही कुळांकडून शुद्ध जन्म, मंत्रांचे अध्ययन, देखणा वण्ण, शील आणि प्रज्ञा. यांतील एखादी वगळता येईल काय, असे भगवान विचारतात. सोणदंड सर्वांत आधी वण्ण वगळतो. मग मंत्र वगळतो, मग जाति वगळतो. उरतात शील व प्रज्ञा. सोबतचे ब्राह्मण हवालदिल होतात, तेव्हा तो आपल्या देखण्या व विद्वान भाच्याकडे, अंगकाकडे, बोट दाखवितो आणि म्हणतो की हा हत्या करील, चोरी करील, व्यभिचार करील, तर त्याचा वण्ण काय करणार, मंत्र काय करणार, जाति काय करणार? हा निष्कर्ष एका ब्राह्मणाच्या मुखातून निघाला आहे. शिवाय या यादीत वण्ण आणि जाति या दोन वेगळ्या बाबी म्हणून मोजल्या आहेत. अंगाचा रंग आणि जन्म एक नव्हेत, हे त्या काळचा विद्वान ब्राह्मण जाणत होता.

अम्बट्ठ सुत्तात याहून वेगळा प्रकार आढळतो. तरुण अम्बट्ठ शाक्यांना हीन लेखतो आणि श्रमणांना काळे म्हणून हिणवितो. भगवान त्याला त्याचे गोत्र विचारतात. ते निघते कण्हायन. त्याचा मूळ पुरुष कण्ह, म्हणजे काळा, हा ओक्काक राजाच्या दिसा नावाच्या दासीचा पुत्र होता. परंतु येथे भगवान थांबत नाहीत. सोबतचे तरुण अम्बट्ठाला दासीपुत्राचा वंशज म्हणून हिणवू लागताच ते त्यांना आवरतात आणि सांगतात की तो कण्ह मोठा ऋषी झाला होता, त्याच्या वंशजाला दासीपुत्र म्हणून फार खाली ओढू नका. अहंकाराचे खंडन करावयाचे, पण ज्याच्यावर तो अहंकार चालतो त्या दासीपुत्राला हीन ठरवावयाचे नाही, हा विवेक या सुत्तात शिकावयास मिळतो.

अस्सलायन सुत्तातील अग्नीचा दृष्टांतही वण्ण या शब्दावर आधारलेला आहे. उच्च कुलातील लोकांनी साल वा चंदनाच्या लाकडाने अग्नी पेटविला, आणि चंडाल, निषाद, पुक्कुस यांच्या कुलातील लोकांनी कुत्र्याच्या वा डुकराच्या द्रोणीच्या, रंगाऱ्याच्या द्रोणीच्या किंवा एरंडाच्या लाकडाने पेटविला, तर पहिल्याच अग्नीला ज्वाला, वण्ण व प्रभा असेल आणि दुसऱ्याला नसेल काय, असे भगवान विचारतात. दोहोंचा वण्ण सारखाच, हे अस्सलायनाला मान्य करावे लागते. ज्या शब्दाने माणसांत भेद केला जात होता, त्याच शब्दाने अभेद सिद्ध झाला.

वासेट्ठ सुत्तात याच विचाराला व्यापक रूप मिळाले. तृण, कीटक, चतुष्पाद, पक्षी यांच्यात जातिभेद दाखविणारी शारीरिक चिन्हे आहेत. मनुष्यात मात्र केसांत, डोळ्यांत, वर्णात वा स्वरात तसे चिन्ह नाही. माणसांमधील भेद 'समञ्ञा' म्हणजे व्यवहारातील नामाभिधान आहे. तथागतांच्या परिनिर्वाणानंतर महाकच्चान स्थविरांनी मधुरेच्या अवंतिपुत्त राजाला ब्राह्मणश्रेष्ठत्वाविषयी हेच सांगितले : तो लोकांत उठलेला केवळ एक घोष आहे.

४. गरिबाच्या गळ्यात मांस

रंगांवरून माणसांचे वर्ग पाडण्याचा मोह केवळ ब्राह्मणांना होता असे नाही. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात, राजगहाच्या गिज्झकूट पर्वतावर, आनंद स्थविर भगवंतांना पूरण कस्सपाची सहा 'अभिजाति' सांगतात. खाटीक, पारधी, कोळी, चोर, तुरुंगाचे रक्षक इत्यादी क्रूरकर्मी मानलेले लोक काळे, भिक्खू निळे, एकवस्त्रधारी निगंठ तांबडे, अचेलकांचे श्वेतवस्त्रधारी गृहस्थ शिष्य हळदीच्या रंगाचे, आजीवक पांढरे, आणि नंद वच्छ, किस संकिच्च व मक्खलि गोसाल हे परमशुक्ल. जैन परंपरेतील कृष्ण, नील ते शुक्ल या सहा लेश्यांशी या कल्पनेचे नाते स्पष्ट आहे.

यावर भगवंतांनी विचारलेला प्रश्न आमच्या मते या संपूर्ण चर्चेचा गाभा आहे. अशा सहा अभिजाति सांगण्यास साऱ्या जगाने पूरण कस्सपाला अनुमती दिली आहे काय? आनंद म्हणतात, नाही. तेव्हा भगवान दृष्टांत देतात : एखाद्या दरिद्री माणसाच्या गळ्यात, त्याची इच्छा नसताना, मांसाचा तुकडा टांगावा आणि म्हणावे की हे तुला खावे लागेल व त्याचे मूल्यही तूच भरावे. कोणाला काळा म्हणावयाचे व कोणाला पांढरा, हे त्या माणसाला न विचारता ठरविले जाते आणि त्याची किंमत मात्र त्याच्याकडूनच वसूल केली जाते. अस्पृश्यतेचा इतिहास ज्याच्या घरातून गेला आहे त्याला या दृष्टांताचे विवरण करून सांगण्याची गरज नाही.

यानंतर भगवान स्वतःच्या सहा अभिजाति सांगतात, आणि येथे अभ्यासकाने प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. चंडाल, निषाद, वेण, रथकार, पुक्कुस यांच्या दरिद्री कुलात जन्मलेल्याला येथेही 'कण्हाभिजातिक' असेच म्हटले आहे. समाजात रूढ असलेला शब्द भगवंतांनी टाकून दिला नाही. पण त्या शब्दाची सत्ता मात्र काढून घेतली. काळ्या अभिजातीचा मनुष्य काळे कर्म करू शकतो, शुक्ल कर्म करू शकतो, आणि जे काळेही नाही व पांढरेही नाही त्या निर्वाणाचा साक्षात्कारही करू शकतो. शुक्ल अभिजातीच्या मनुष्यालाही हीच तीन द्वारे खुली आहेत. जन्माची परिस्थिती हे वास्तव आहे, पण ती परिस्थिती माणसाची सीमा नाही. कर्माची कृष्ण, शुक्ल, कृष्णशुक्ल आणि अकृष्ण-अशुक्ल अशी जी चतुर्विध विभागणी कुक्कुरवतिक सुत्तात येते, तीही याच विचाराची आहे. काळा व पांढरा हे रंग भगवंतांनी शरीरावरून व कुलावरून काढून कर्मावर ठेवले.

५. अग्गञ्ञ सुत्त : वण्णाचा अतिमान

शब्दाच्या दोन अर्थांचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग अग्गञ्ञ सुत्तात दिसतो. सावत्थीच्या पूर्वारामात वासेट्ठ व भारद्वाज हे ब्राह्मण कुलातील दोन तरुण प्रव्रज्येसाठी राहिले आहेत. श्रेष्ठ वण्ण सोडून ब्रह्म्याच्या पायापासून जन्मलेल्या काळ्या मुंडकांच्या संगतीत गेलात, म्हणून त्यांचे जातभाई त्यांना शिव्या देतात. त्यावर भगवान म्हणतात की चारही वण्णांत कृष्ण व शुक्ल धर्म मिसळलेले आढळतात, आणि मग ते सृष्टीच्या आरंभाची कथा सांगतात.

आरंभी जीव स्वयंप्रकाशी होते. त्यांनी रसमय पृथ्वीची चव घेतली, तिचा लोभ धरला, आणि त्यांचा प्रकाश लोपला. शरीरे जड झाली. मग त्यांच्या वण्णांत फरक पडू लागला. काही सुरूप, काही कुरूप. सुरूप जीव कुरूपांना हीन लेखू लागले. या 'वण्णातिमानामुळे', म्हणजे वण्णाच्या अहंकारामुळे, रसपृथ्वी नाहीशी झाली. तिच्यानंतर आलेली भूछत्रासारखी वनस्पती आणि तिच्यानंतरची वेल याही त्याच अहंकारामुळे नाहीशा झाल्या. पुढे साळी, साठवण, शेतांच्या सीमा, चोरी, दंड आणि सर्वांनी निवडलेला महासम्मत राजा. आणि त्याच जीवांमधून खत्तिय, ब्राह्मण, वेस्स व सुद्द ही मंडले.

या क्रमाकडे लक्ष वेधावेसे वाटते. कथेत चार वर्ण सर्वांत शेवटी येतात, आणि ते कोणाच्या मुखातून वा पायातून येत नाहीत. वण्णाचा अहंकार मात्र अगदी आरंभी येतो : मालमत्तेच्या आधी, चोरीच्या आधी, राजसत्तेच्याही आधी. वासेट्ठ-भारद्वाजांना त्यांचे जातभाई ज्या शब्दाने टोचत होते तोच शब्द भगवान येथे रंगाच्या अर्थाने वापरतात आणि त्याच्या अहंकाराला मानवी ऱ्हासाच्या मुळाशी नेऊन ठेवतात. ऐकणाऱ्या त्या दोन तरुणांना दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू आले असतील, यात आम्हाला शंका वाटत नाही. मराठी अनुवादात एका ठिकाणी 'वर्ण' व दुसऱ्या ठिकाणी 'रूप' असे शब्द घातले की हा धागा तुटतो.

या अहंकाराचे मोल किती, याचा हिशेब विसुद्धिमग्गात मिळतो. या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती धर्मानंद कोसंबी यांनी संपादित केली व ती १९४० मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाली. शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन सांगताना आचार्य म्हणतात की काळा, सावळा, पिवळा इत्यादी रंगांचे जे वरचे पातळ आवरण त्यास 'छवि' म्हणतात. ते साऱ्या शरीरावरून खरवडून गोळा केले तरी बोराच्या बीएवढेच भरेल. त्याखालील त्वचा सर्वांची पांढरीच असते. माणसामाणसांत जो भेद केला जातो त्याचे एकूण द्रव्य एवढेच.

६. रंगविणे आणि रंग उतरणे

रंगाशी संबंधित दुसरा शब्दसमूह 'रञ्ज्' या धातूचा आहे. त्याचा अर्थ रंगविणे. त्यापासून रंग, रक्त, अनुरक्त, विरक्त, राग आणि विराग हे शब्द झाले. मराठीत राग म्हणजे क्रोध. पालीत राग म्हणजे आसक्ती, चित्तावर चढलेला रंग. म्हणून विराग म्हणजे तो रंग उतरणे. वत्थूपम सुत्तात मळके वस्त्र कोणत्याही रंगात बुडविले तरी नीट रंगत नाही व स्वच्छ वस्त्र रंगते, असा दृष्टांत चित्ताच्या शुद्धीसाठी दिला आहे. भगवंतांची अनुक्रमाने दिलेली देशना ऐकून एखाद्याला धम्मचक्षू प्राप्त होतो, तेव्हाही स्वच्छ वस्त्राने रंग धरावा तसे, ही उपमा ठिकठिकाणी येते. रंगाऱ्याचा व्यवसाय त्या काळी हलका मानला जाई. भगवंतांनी चित्तशुद्धीची उपमा मात्र त्याच्याच कामातून घेतली.

विनयपिटकात चीवराच्या रंगाचे नियम आहेत. मूळ, खोड, साल, पाने, फुले व फळे यांपासून केलेल्या सहा रंगांना अनुमती आहे. संपूर्ण निळे, पिवळे, तांबडे वा काळे चीवर वर्ज्य आहे. नवे चीवर मिळाल्यावर त्याला निळा, चिखलाचा वा काळपट असा डाग लावूनच ते वापरावे, असाही नियम आहे. याला 'दुब्बण्णकरण' म्हणतात. नव्या कोऱ्या वस्त्राचा वण्ण जाणीवपूर्वक बिघडवावयाचा, म्हणजे त्याचा अभिमान उरत नाही.

याच संदर्भात अंगुत्तरनिकायाच्या दसकनिपातातील एक शब्द फार मोलाचा आहे : 'वेवण्णिय'. प्रव्रजिताने नित्य चिंतन करावयाच्या दहा गोष्टींतील पहिली ही की, मी वेवण्णियाप्रत आलो आहे. अट्ठकथा याचा अर्थ शरीराचे व परिष्कारांचे विवर्णत्व असा करते : मुंडण केलेले मस्तक, जोडलेल्या तुकड्यांचे चीवर, मातीचे पात्र. परंतु वण्णाविरहित होणे म्हणजे वर्गाविरहित होणे, हा अर्थही या शब्दातून निघतो आणि पाली कोशकारांनी तो नोंदविला आहे. महानद्या समुद्रास मिळाल्यावर आपली नावे टाकतात, तसे चारही वण्णांतील लोक प्रव्रज्येनंतर पूर्वीचे नाव व गोत्र टाकतात, या पहाराद सुत्तातील वचनाशी हा अर्थ जुळतो.

गृहस्थासाठी पालीत 'ओदातवसन', म्हणजे पांढरे वस्त्र नेसणारा, असा शब्द आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेसाठी लोटलेला जनसमुदाय पांढऱ्या वस्त्रांत होता. शुक्ल हा जन्माने मिळणारा अधिकार असल्याचा दावा ज्यांच्यावर लादला गेला होता, त्यांनी तो रंग धुतलेल्या वस्त्राच्या रूपाने अंगावर घेतला. त्यासाठी कोणत्याही कुलाची अट नव्हती.

७. आधुनिक काळातील वर्ण

एकोणिसाव्या शतकात वर्ण म्हणजे रंग या अर्थाला नवे सामर्थ्य मिळाले. गोरे आर्य व काळे दास यांचा संघर्ष म्हणजे चातुर्वर्ण्याचे मूळ, अशी मांडणी पाश्चात्त्य पंडितांनी केली. हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची मापे घेऊन जातींचे वंश ठरविण्याचा प्रयत्न केला. ही मांडणी उच्चवर्णीयांपैकी अनेकांना सोयीची वाटली, कारण तीत त्यांना राज्यकर्त्यांचे दूरचे भाऊबंद म्हणून स्थान मिळत होते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा सिद्धांत मुळापासून तपासला. जातिव्यवस्था ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथातच म्हटले होते. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदातील वर्ण या शब्दाची स्थळे तपासून दाखविले की तो बहुतांशी उषा, अग्नी, सोम अशा देवतांच्या तेजाला वा रूपाला अनुलक्षून येतो. अवेस्तातील समान शब्दाचा आधार घेऊन त्यांनी असे मत मांडले की वर्ण म्हणजे मुळात विशिष्ट श्रद्धा बाळगणारा गट; त्वचेच्या रंगाशी त्याचा संबंध नव्हता. 'वृ' म्हणजे निवडणे, हा आरंभी सांगितलेला अर्थ येथे उपयोगी पडतो. या व्युत्पत्तीविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे नमूद केले पाहिजे. पण वर्ण म्हणजे वंशाचा रंग नव्हे, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष पाली साहित्याच्या साक्षीशी जुळतो. १९४८ च्या 'अस्पृश्य' या ग्रंथात त्यांनी मानवमितीची मापेच पुढे ठेवून ब्राह्मण व अस्पृश्य यांचे वंश भिन्न नाहीत असा निर्णय दिला.

हा वाद केवळ शब्दांचा राहिलेला नाही. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, या कारणास्तव जातीचा प्रश्न तेथे घेण्यास भारत सरकारने विरोध केला. पुढील वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने वंशपरंपरेवर आधारलेल्या भेदभावात जातीचा समावेश होतो असे स्पष्ट केले. भेदभाव करण्यासाठी त्वचेचा रंग वेगळा असावा लागत नाही, जन्माचे नाव पुरते. सोणदंडाने वण्ण व जाति वेगवेगळ्या मोजल्या होत्या, त्याचे महत्त्व येथे लक्षात यावे.

८. समारोप

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अनुवादाविषयी. पाली ग्रंथांचा मराठी अनुवाद करताना वण्ण या शब्दासाठी सर्वत्र 'वर्ण' घालणे वाचकाची दिशाभूल करते, आणि तो शब्द सर्वत्र टाळणे तथागतांच्या युक्तिवादाची धार घालविते. प्रत्येक स्थळी अर्थ ठरवून, पण मूळ शब्द कंसात देऊन अनुवाद करावा, असे आम्ही सुचवितो.

दुसरी गोष्ट आशीर्वादातील त्या शब्दाविषयी. आयु, वण्ण, सुख, बल यांतील वण्ण म्हणजे कांती, हे खरे. परंतु याहून स्पष्ट उत्तर भगवंतांनी स्वतः देऊन ठेवले आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्ताच्या शेवटी भिक्खूचे आयु, वण्ण, सुख, भोग व बल कशात आहे हे ते एकेक करून सांगतात. भिक्खूचे आयु चार ऋद्धिपादांत आहे, सुख ध्यानांत आहे, भोग मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांत आहे, बल आस्रवांच्या क्षयात आहे. आणि भिक्खूचा वण्ण कोणता? तो शीलवान असतो, पातिमोक्षाच्या संयमाने राहतो, अल्प दोषातही भय पाहतो, हाच त्याचा वण्ण.

उपासकांनी पंचशील ग्रहण करून हा आशीर्वाद स्वीकारावा तो याच अर्थाने. जन्माने मिळालेला वण्ण कोणाला वाढविता येत नाही. शीलाचा वण्ण मात्र ज्याचा त्याला वाढविता येतो, आणि म्हणूनच त्याच्या वृद्धीचा आशीर्वाद देता येतो.